बाबांच्या जिभेवरचं लिंबू

त्या तापानंतर माझं नाक गेलं. ताप चारपाच दिवसांत उतरला, अंगदुखी गेली, खोकला थोडा रेंगाळला आणि तोही गेला. वास मात्र परत आला नाही. चहा करताना आलं किसलं तर नुसतं ओलसर काहीतरी बोटांना लागायचं. फोडणी करपायची आणि धूर डोळ्यांत गेला की मला कळायचं. डॉक्टर म्हणाले, थांबा, हळूहळू येईल. किती थांबायचं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर त्याने चार ठिकाणी तक्रार केली असती आणि कामावर गेला असता. माझं कामच नाकावर होतं. डोंबिवलीत आमच्या घरच्या स्वयंपाकघरात मी केक करून देते. पाटी लावलेली नाही. ओळखीतून ओळखी निघत गेल्या, तेवढ्यावर चालतं. चॉकलेटचे वगैरे सगळेच करतात, माझ्याकडे लोक यायचे ते लिंबाच्या केकसाठी. बिनअंड्याचा, दह्यातला, वरून लिंबाचा पाक मुरवलेला. त्याचं माप मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. साल किसत जायची, वाडग्यावर नाक नेऊन बघायचं, पुरे वाटलं की थांबायचं. रस पिळायचा, बोटाने चाखायचा. विचारलं कुणी तर मी म्हणायचे, "अंदाजाने हो." थोडी ऐटही असायची त्यात.

त्या वेळी घरात आम्ही तिघंच होतो. मी, नवरा आणि माझे सासरे. मुलगी शिकायला बाहेरगावी होती. सासूबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. नवरा सकाळी ठाण्याला ऑफिसला निघायचा तो संध्याकाळी उशिरा यायचा, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि बाबा. बाबा मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी इथे एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्यात लागले आणि तिथल्याच प्रयोगशाळेतून रिटायर झाले. बोलणं कमी. जेवणाबद्दल तर शून्य. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थाला छान म्हटलं नव्हतं आणि वाईटही म्हटलं नव्हतं. ताटातलं संपवायचे, उठायचे, स्वतःचं ताट घासायला ठेवायचे. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला ते फार लागलं. नंतर मी समजून घेतलं की हा माणूसच असा आहे.

ताप जाऊन महिना झाला असेल. कळव्याहून एक बाई माझ्याकडे नेहमी केक न्यायच्या. त्यांच्या आईची पंच्याहत्तरी होती आणि आईला लिंबाचाच केक हवा होता. नाक बंद आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं करतेय, हात करतील बरोबर. त्या त्याच दिवशी संध्याकाळी न्यायला येणार होत्या. मी सकाळी साल किसायला घेतली. किसत गेले, वाडग्यावर वाकले, काही नाही. आणखी किसली. तरी काही नाही. जणू खडू किसतेय. डोक्यात एकच, की वास येत नाही म्हणजे कमी पडतंय. लिंबं पांढरी होईपर्यंत मी किसणी चालवली.

मोठ्या केकबरोबर उरलेल्या मिश्रणाचा एक छोटा केक मी नेहमी वाटीत करते. तो दुपारच्या चहाबरोबर बाबांना दिला. ओट्याशी उभी राहून मी मोठ्या केकवर पाक घालत होते. मागून बशी ठेवल्याचा आवाज आला.

"हा केक देऊ नकोस," बाबा म्हणाले.

मी वळून बघितलं. वाटीतल्या केकचा एकच घास गेला होता.

"का? काय झालं?"

"कडू आहे."

"बाबा, लिंबाचा आहे. थोडा कडवट लागतोच."

"कडवट नाही, कडू. म्हाताऱ्या बाईला वाढदिवसाला हा देऊ नकोस."

मी स्वतः तुकडा तोंडात टाकला. तोंडात मऊ काहीतरी होतं, एवढंच. मग मला रडूच फुटलं. केकचं नव्हतं ते. महिनाभर मी सगळ्यांना हसून सांगत होते, की बरंय, आता मच्छीबाजारातून जायला त्रास नाही. ते सगळं तिथे ओट्याशी बाहेर आलं. म्हटलं, "मला काहीच कळत नाही हो. आता हे सगळं बंदच करायला हवं."

बाबा गप्प बसतील आणि उठून जातील असं मला वाटलं होतं. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"मलापण वास येत नाही," ते म्हणाले.

मला आधी नीट कळलंच नाही. "सर्दी झालीय?"

"नाही गं. कंपनीत असताना गेला. हळूहळू गेला, त्यामुळे कधी पूर्ण गेला ते सांगता येणार नाही. तू या घरात आलीस त्याच्या आधीच गेला होता."

"ह्याला माहीत आहे?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

"नाही. तुझ्या सासूला माहीत होतं. एकदा दूध पार जळून गेलं आणि मी शेजारी पेपर वाचत बसलेलो. तेव्हा तिने ओळखलं. मी म्हटलं, कुणाला बोलू नकोस, लॅबमधल्या माणसाला वास येत नाही म्हटल्यावर कामावर ठेवतील का. तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

मी डोळे पुसले. मग मला एकदम जेवणाची आठवण झाली. विचारू की नको असं करत शेवटी विचारलंच. "म्हणून तुम्ही कधी काही म्हणत नाही का? जेवणाला?"

ते म्हणाले, "मला अर्धंच कळतं. गोड, खारट, आंबट, कडू, तिखट, एवढं जीभ सांगते. बाकी सगळं नाकाचं काम. अर्धं कळून छान म्हणायचं ते मला खोटं वाटायचं." आणि मग म्हणाले, "पण जीभ माझी चांगली आहे. कडू आहे हा केक."

आम्ही दोघंही हसलो. माझं हसणं अर्धं रडणंच होतं.

मी कळव्याच्या बाईंना फोन केला आणि आहे तसं सांगितलं. ताप, नाक, केक, सगळं. त्या रागावतील म्हणून मी तयारीत होते. त्या म्हणाल्या, "अहो, आधी का नाही बोललात? आईचा वाढदिवस रविवारी आहे. मी आपलं गडबड नको म्हणून आधी मागितला होता. शनिवारी द्या ना. आणि नाहीच जमलं तर आम्ही शिरा करू, आईला काय, माणसं आली की झालं." त्या बाईंचं मला आजही कौतुक वाटतं. एवढं साधं बोलून त्यांनी मला दोन दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शर्ट घालून तयार. "चल, कल्याणला जाऊ. लिंबं बघून आणू." डोंबिवलीत कोपऱ्यावर लिंबं मिळत नाहीत असं नाही. पण बाबांना ढीग हवा होता, ज्यातून निवडता येईल. मी नेहमी पिवळं दिसलं की उचलायचे आणि नाकाशी धरायचे. आता धरून उपयोग नव्हता.

कल्याणच्या बाजारात एका भाजीवाल्याच्या ढिगासमोर बाबा उकिडवे बसले. साधारण एकाच आकाराची दोन लिंबं त्यांनी माझ्या दोन हातांत ठेवली. "कुठलं जड?"

"डावं."

"ते रसाचं. उजवं नुसतं सालीने मोठं झालंय. दाबून बघ."

डावं दाबलं तर बोटाखाली जरा लवलं. साल पातळ, गुळगुळीत. उजवं टणक, खडबडीत, बारीक खड्डे असलेलं. बाबा म्हणाले, "पातळ सालीचं पिळायला घे. किसायला हे खडबडीत घे, म्हणजे किसणी लगेच पांढऱ्यावर जाणार नाही." हे त्यांना कुठून माहीत, म्हणून मी विचारलं. म्हणाले, सासूबाई लोणच्याला लिंबं घ्यायच्या तेव्हा पिशवी धरून तेच तर बाजूला उभे असायचे.

आमचं दाबणं, तोलणं, परत ठेवणं बघून भाजीवाला कंटाळला. "आजोबा, हात लावून लावून पिकवणार का सगळी?" बाबा म्हणाले, "पिकलेलीच आहेत, म्हणून तर घेतोय." डाग पडलेली, देठाशी मऊ झालेली त्यांनी बाजूला काढली, ताठ हिरवी मला परत ठेवायला लावली. दोन पिशव्या केल्या, एक रसाची आणि एक सालीची.

घरी आल्यावर त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण मागितलं, मापाच्या रेघा असलेलं. ते धुऊन, पुसून ओट्यावर ठेवलं. मग एकेक लिंबू हाताखाली ओट्यावर दाबून गोल फिरवलं, चिरलं आणि मला पिळायला लावलं, प्रत्येकाचा रस वेगळा. एका लिंबाने टोपण जवळजवळ भरलं. तेवढ्याच दिसणाऱ्या दुसऱ्याने अर्ध्यावरही नेलं नाही.

"आता सांग," बाबा म्हणाले, "एक लिंबू म्हणजे किती?"

मला मोबाइलवर बघितलेल्या सगळ्या परदेशी रेसिपी आठवल्या. एका लिंबाचा रस, एका लिंबाची साल. त्यांचं ते मोठं पिवळं लिंबू, मॉलमध्ये स्टिकर लावून मिळतं तसलं. आपली तीन पिळली तर त्या एकाची बरोबरी व्हायची. मी इतकी वर्षं नाकाने ते अंतर भरून काढत होते, म्हणून मला कधी प्रश्न पडला नव्हता.

"लिंबं मोजायची नाहीत," ते म्हणाले. "रस मोजायचा. चमच्याने मोज, टोपणाने मोज, पण रस मोज."

त्यानंतर चाखणं. बाबांनी अर्ध्या कपात पाणी घेतलं, त्यात चहाचा एक चमचा रस घातला, घोट घेतला, जरा तोंडात फिरवला. मग साध्या पाण्याने चूळ भरली आणि दुसऱ्या लिंबाचा घेतला. प्रत्येक वेळी चूळ. मी हसले तर म्हणाले, "हसू नकोस. आधीचं तोंडात राहिलं की पुढचं खोटं लागतं." मग कप माझ्यापुढे केला. "तू घे."

"मला काय कळणार?"

"घे तर. कुठे लागतंय सांग."

मी घोट घेतला. महिनाभर मी प्रत्येक घासाला आधी वास शोधत होते आणि सापडला नाही की पुढचं बघतच नव्हते. आता वास नाही हे माहीतच होतं, म्हणून नुसती जीभ काय म्हणते ते बघितलं. जिभेच्या कडेला काहीतरी होतं. चिमटा काढल्यासारखं.

"इथे," मी गालाला बोट लावून दाखवलं. "कडेला. चिमटा काढल्यासारखं."

"तेच आंबट," बाबा म्हणाले. "ते तुझं परत आलंय. तू दार उघडून बघितलंच नव्हतंस."

त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा माझ्याच केकचं माप बसवलं. पाकाला साखर किती आणि रस किती ते चमच्याने ठरलं. रस आधी घालून पाक उकळला की तोंड ओढल्यासारखा कडसर होतो, हे बाबांच्या जिभेने सांगितलं. म्हणून साखरेचं पाणी उकळून, गॅस बंद करून, जरा निवल्यावर रस घालायचा असं ठरलं. सालीचं कसं करायचं हा प्रश्न मोठा होता, कारण सालीचा सगळा खेळ वासाचा आणि आम्ही दोघंही त्यात कामाचे नव्हतो. किसणीवरून लिंबू एकदाच न्यायचं, वळवायचं, पुन्हा एकदाच न्यायचं, त्याच जागेवर परत नाही. पिवळं गेलं की थांबायचं, हे डोळ्यांनी जमलं. ती साल साखरेत घालून मी बोटांनी चोळली. पूर्वी हे मी वाचलं होतं, कधी केलं नव्हतं. थोड्या वेळाने साखर ओली लागायला लागली, समुद्राच्या वाळूसारखी, आणि रंग फिकट पिवळा झाला. सालीतलं तेल साखरेत उतरलं हे मला बोटांना कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी नवरा दारात चपला काढतोय तोवर मी वाडगा त्याच्या नाकासमोर धरला.

"वास घे."

"अगं, आत तर येऊ दे."

"आधी वास घे. कसा आहे? कमी, जास्त?"

त्याने घेतला. डोळे मिटले. "लिंबू," तो म्हणाला.

"लिंबू तर आहेच रे. कसं लिंबू?"

"चांगलं. लहानपणी सरबत केलं की हाताला राहायचा तसा. नखांत." मग आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्याने विचारलं, "तुम्ही दोघं काय करताय नेमकं?"

तेव्हा बाबांनी त्याला स्वतः सांगितलं. तो सोफ्यावर बसून ऐकत राहिला, बॅग खांद्यालाच. नंतर एवढंच म्हणाला, "बाबा, मी लहान असताना तुम्ही माझ्या डब्यातली भाजी आंबलेली आहे का ते आईला बघायला सांगायचात. मला वाटायचं, तुम्हाला कंटाळा येतो."

शनिवारी केक गेला. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बाईंचा फोन आला की आईने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा सकाळसाठी झाकून ठेवायला सांगितला. मी फोन स्पीकरवर टाकला होता. बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज कमी केला, ऐकलं आणि परत वाढवला.

त्यानंतरचे महिने मला त्या आजारपणातले सर्वांत चांगले दिवस म्हणून आठवतात, हे ऐकायला विचित्र वाटेल. जेवताना आमच्या घरात बोलणं सुरू झालं. बाबा वरणभातावर लिंबू पिळायचे आणि म्हणायचे, "आज मीठ मागे आहे, लिंबू पुढे आलंय." पोह्यांवर मी कढईतच लिंबू पिळायचे ते खाली उतरवून पिळायला लागले, कारण त्यांनी दोन्ही चाखून फरक सांगितला. मीही सांगायला लागले. माझी जीभ त्यांच्याएवढी तयार नव्हती, पण दर आठवड्याला थोडी सुधारत होती. अर्धंच कळणारे आम्ही दोघं, आणि रात्री नवरा जेवायला बसला की उरलेलं अर्धं सांगायचं काम त्याच्यावर. तो बिचारा प्रत्येक वाटी हुंगून मग जेवायचा.

वास परत आला तो फार बेताने. आधी कॉफी जळक्या रबरासारखी लागायची, कांदा तर सहन व्हायचा नाही. डॉक्टर म्हणाले, हे बरं होण्याचंच लक्षण आहे. मग एका संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते आणि एकदम घशाशी काहीतरी आलं. उग्र, खवट, औषधी. मी थांबले. परत श्वास घेतला. तो आमच्या डोंबिवलीचा कंपन्यांचा वास होता, ज्याच्यावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कायम ओरड चालू असते आणि मीही त्यात असायचे. कपडे तिथेच टाकून मी आत धावले.

"बाबा! कंपनीचा वास येतोय!"

बाबा उठून बसले. "गॅसचा नाही ना?"

"नाही हो, कंपनीचा! तोच घाणेरडा! खिडक्या लावायला लागतात तो!"

"मला कसा कळणार?" ते म्हणाले. आणि मग माझं तोंड बघून ते हसायला लागले, इतके की त्यांना ठसका लागला. "तू एवढी खूश आहेस म्हणजे येतच असणार." शेजारच्या गॅलरीत कुणीतरी खिडकी आपटून लावली आणि शिव्या घातल्या. आम्ही दोघं गॅलरीचं दार उघडं टाकून उभे राहिलो.

लिंबाचा वास त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला, आधी फिका, मग पुरता. पूर्वीइतकाच आहे का हे मला आता सांगता येणार नाही. माप मात्र मी सोडलं नाही.

माझं बरं झालं तसं बाबांचंही होईल असं मला वाटायला लागलं होतं. ते नको म्हणत होते, तरी मी त्यांना ठाण्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होती. तिने दुर्बीण घालून बघितलं, बाटल्या हुंगायला दिल्या, कारखान्यात काय काय हाताळायचात ते सगळं शांतपणे विचारलं. शेवटी म्हणाली, "आजोबा, खूप जुनं आहे हे. परत येण्याची आशा मी तुम्हाला लावणार नाही."

मलाच वाईट वाटलं. बाबा तिला म्हणाले, "हरकत नाही. तुम्ही नीट विचारलंत. एवढं आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं."

बाहेर आलो तर ऊन होतं. कोपऱ्यावर रसवंती होती, चरक फिरत होता, घुंगरं वाजत होती. आम्ही बाकड्यावर बसलो. मी दोन ग्लास सांगितले. बाबा चरकाकडे बघत होते.

"आमच्या गावाला गुऱ्हाळ होतं," ते म्हणाले. "पावसाळा संपून थंडी सुरू झाली की रस उकळायचा वास घरापर्यंत यायचा. तो मला अजून आठवतो. नाकात नाही, डोक्यात."

"इथे तसा नाही येत," मी म्हटलं. "इथे कच्चा येतोय. ओल्या गवतासारखा. मधेच आल्याचा येतो, त्याने मघाशी घातलं ना ते. आणि बर्फाच्या पोत्याचा, ओल्या तागाचा."

"आणि?"

मी डोळे मिटले आणि नीट वास घेतला. समोरून रिक्षा गेली, तिचा धूर आला, तो गेला की परत ऊस. मी एकेक सांगत गेले आणि बाबा ग्लास हातात धरून ऐकत राहिले.